जुन्या भावांचा कचरा

साडू निवडता येत नाही. बायको केली की तिच्या बहिणीचा नवराही पदरात पडतो, आणि माझ्या पदरात प्रतापराव दप्तरदार पडले. त्यात आम्ही दोघं एकाच कंपनीत. मी खरेदी खात्यात, ते हिशेब खात्याचे मुख्य. म्हणजे हा माणूस मला ऑफिसातही झेलावा लागतो आणि सणावारी पंगतीतही.

प्रतापरावांचे पणजोबा म्हणे संस्थानचं दप्तर सांभाळायचे. असतीलही. त्यात प्रतापरावांचा काय पराक्रम, हे मला अजून कळलेलं नाही. पाहुणा आला की त्याला इंदूरच्या लालबाग राजवाड्यावर नेतात आणि "इथूनच आमचे पणजोबा आत जायचे" म्हणून फाटक दाखवतात. मग ठरलेला किस्सा. छपन्याच्या, म्हणजे संवत १९५६च्या, दुष्काळात ज्वारी रुपयाला साडेसात शेर होती, पणजोबांनी तो भाव तारखेसकट लिहून ठेवला होता, आणि म्हणून पुढे एका व्यापाऱ्याची लबाडी पकडली गेली. कोणी चुकून 'सात शेर' म्हणालं की लगेच बोट वर करून दुरुस्त करतात, "साडेसात." मी हा किस्सा गणपतीत ऐकलाय, मुंजीत ऐकलाय, एकदा तर कोणाच्या तेराव्यालाही ऐकलाय.

आमची कंपनी औषधांच्या बाटल्या करते. बाटल्या सांवेर रोडच्या कारखान्यात, झाकणं राऊच्या. मालक एकच, शेठजी. तरी राऊचं झाकण सांवेर रोडला गेलं की हिशेबात ते विकलं जातं, या खिशातून त्या खिशात. त्याला एक आतला भाव असतो. तो राऊची कमाई आणि सांवेर रोडचा खर्च. कंपनीच्या ताळेबंदात तो दिसत नाही, तिथे दोन्ही बाजूंची वजाबाकी होऊन जाते. पण कुठला कारखाना कमावतो आणि कुठला बसून खातो, हे त्या भावावरच ठरतं. प्लॅस्टिकचा दाणा चढला-उतरला की दोन्हीकडचे मॅनेजर फोनवर नवा भाव ठरवायचे आणि सिस्टिममध्ये टाकायचे.

नवी सिस्टिम आली तेव्हा ती बसवणाऱ्या रुचीने साधा प्रश्न विचारला होता. "सर, जुने भाव तारखेसकट ठेवू ना? कुठला कधीपासून कधीपर्यंत लागू होता ते?" मी समोरच बसलो होतो.

प्रतापराव खुर्चीत मागे रेलले. "अरे बेटा, इंदूर में रहती हो, देश का सबसे साफ शहर! आपण घरात कचरा नाही ठेवत, तर सिस्टिममध्ये कशाला? एका मालाला एक भाव. नवा आला, पुराना साफ."

शेठजी खूश झाले. मग तर प्रतापरावांना जोरच चढला. ऑफिसभर सफाई मोहीम काढली, जुने रिपोर्टसुद्धा उडवले. का, तर बटण दाबलं की ताजा रिपोर्ट निघतो. नाव मोठं, लक्षण खोटं, दुसरं काय.

राऊचा कारखाना मंजुषा फणसे चालवायची. एका शेडपासून तिनेच तो उभा केला होता, आसपासच्या बायकांना मशीन शिकवून. कारखाना चांगला चालत होता, हे मला ठाऊक होतं, कारण दाणा मीच खरेदी करून तिला पाठवत होतो. दाणा महाग होता त्या वर्षांत झाकणाचा आतला भाव सव्वा रुपया होता. यंदा दाणा उतरला आणि भाव ऐंशी पैसे झाला. प्रतापरावांच्या साफसूफ सिस्टिमने ते ऐंशी पैसे मागच्या सगळ्या वर्षांनाही लावून टाकले. खर्च मात्र तेव्हाचाच राहिला, महाग दाण्याचा. बटण दाबलं की राऊ वर्षानुवर्षं तोट्यात!

आणि शेठजींना नेमका तोच रिपोर्ट हवा होता, कारण राऊ ठेवायचं की बंद करायचं हे ठरवायचं होतं.

मीटिंगमध्ये मंजुषा म्हणाली, "हे तेव्हाचे भाव नाहीत. सव्वा रुपया होता."

"लेखी काही आहे का?" प्रतापरावांनी गोड हसून विचारलं. स्वतःच सगळं पुसून वर हा प्रश्न! माझ्याकडे दाण्याची बिलं होती, पण त्या बिलांनी फक्त खर्च सिद्ध झाला असता. तरी मी सांगितलं की सव्वा रुपयाच होता. "तुम्ही खरेदीवाले," साडू म्हणाले, "तुम्हाला आतल्या भावातलं काय कळतं?"

मंजुषा शांतपणे म्हणाली, "सर, छपन्याच्या दुष्काळात ज्वारी काय भाव होती?"

"रुपयाला साडेसात शेर!" त्यांचा चेहरा उजळला.

"आणि मागच्या वर्षी आमचं झाकण?"

साहेबांनी लॅपटॉपमध्ये डोकं घातलं. "ऐंशी पैसे."

"त्याच्या आदल्या वर्षी?"

"ऐंशी पैसे."

इथे त्यांना जराशी लाज वाटली असती, तरी मी त्यांना माणसांत धरलं असतं. शेठजी म्हणाले, "मशीन झूठ थोड़ी बोलेगी, बेटा." राऊ बंद झालं. बायका घरी बसल्या. निरोपाच्या कार्यक्रमात प्रतापरावांनी भाषण केलं आणि त्यातही पणजोबा आणले. मंजुषा मधूनच उठून बाहेर गेली. मला त्या दिवशी त्या माणसाची शिसारी आली, ती गेलेली नाही.

आता झाकणं गुजरातहून येतात. आधी झाकण रुपयाला एक मिळायचं. आपलं राऊ बंद झाल्याचं कळताच त्या व्यापाऱ्याने भाव चढवत नेला. परवा शेठजी भडकले. "राऊमध्ये कितीला पडायचं? साल-दर-साल निकालो. सोमवारी पाहिजे." साहेब शोधायला गेले, तर राऊचं नावही सिस्टिममध्ये नाही. बंद कारखाना म्हणजे कचराच की! तोही साफ केला होता, यांनीच.

रविवारी सकाळी माझ्याकडे आले. चेहरा उतरलेला. "निशांतराव, तुम्हाला आठवत असेल ना यार? सव्वा काहीतरी म्हणाला होतात. शेठजी मला ठेवणार नाहीत."

"मी खरेदीवाला," मी म्हटलं. "मला आतल्या भावातलं काय कळतं?"

शेवटी त्यांनी तिथूनच मंजुषाला फोन लावला. ती आता देवासला एका कारखान्यात आहे. कागदपेन माझंच घेतलं, हात लिहायला मोकळा हवा म्हणून फोन स्पीकरवर ठेवला. "मंजुषाजी, राऊचे पुराने भाव आठवतात का हो? फार अडलंय माझं."

ती म्हणाली, "आठवतात की, सर. घ्या लिहून."

साहेबांनी घाईघाईने पेन टेकवलं.

"रुपयाला सात शेर," असं म्हणून तिने फोन ठेवून दिला.

प्रतापरावांनी त्या कोऱ्या कागदावर पेन ठेवून दिलं. मला वाटलं, आता तरी कुठेतरी लागलं असेल. मग त्यांचं बोट हळूहळू वर आलं.

"साडेसात," ते म्हणाले.