आधी त्यानं यावं

केरबाचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. निलंग्याच्या वखारीत ऊन चढायच्या आत तो ओंडके फोडून ठेवी. दुष्काळात वाळलेली बाभूळ घावाला लवकर दाद देत नसे. लातूर नवा जिल्हा झाला होता, पण केरबाचं भांडण जुनंच होतं. बांधावरच्या झाडावरून धाकट्या भावाशी, पंढरीशी, अबोला धरलेला. भावकीत रीतच होती, जो आधी बोलला तो हरला.

सरपण न्यायला आलेले शरदचंद्र गुरुजी एकदा म्हणाले, "केरबा, भांडण मिटवलं की इंग्रजीत 'कुऱ्हाड पुरली' म्हणतात. तूही पूर आता."

"कुऱ्हाड पुरून खाऊ काय, गुरुजी? अन् पंढऱ्या लई ताठ हाय. आधी त्यानं यावं."

"तोही हेच म्हणतो."

केरबा हसला, पण गेला नाही.

चैत्रात गढूळ पाण्यानं पंढरीला हगवण लागली आणि त्यातच तो गेला. केरबा पोचला तेव्हा पंढरीची बायको सरजाबाई दारातच म्हणाली, "भावजी, शेवटपर्यंत ते तुमचीच वाट बघत व्हते."

केरबानं वखारीतली आठवड्याची मजुरी घेतलीच नाही. तिच्या बदल्यात भावाच्या सरणासाठी लाकडं नेली. ती त्यानंच फोडून ठेवलेली होती.