सडक्या मोसंब्यांची टोपली

लातूर जिल्हा नवा झाला, त्याच सुमाराला आमच्या शिरूर अनंतपाळच्या बाजूला पावसानं दडी मारली. साहेबांच्या जीपा लई यायच्या, पाण्याचा टँकर कधीमधी. विहीर आटली आणि मोसंबीची झाडं पिवळी पडली. फळं गळून मातीत जायच्या आत मी सगळी उतरवली. हिसकून न्हाई, कात्रीनं, देठ ठेवून. देठ उपटला की त्या भोकातूनच फळ सडायला लागतं.

बायको काविळीनं अंथरुणाला खिळली होती. अन्न समोर नको म्हणायची. लातूरच्या डॉक्टरनं सांगितलं होतं, मोसंबीचा रस तेवढा पोटात राहतोय, तोच देत जा. फळं संपली तर तिच्या पोटात काय घालायचं, एवढंच डोक्यात होतं. दुसरं काही वाटतच नव्हतं.

आतल्या अंधाऱ्या खोलीत कोरडी वाळू पसरली आणि फळाला फळ लागू न देता मांडली. धुतली न्हाईत. रोज सकाळी देठाजवळ अंगठ्यानं दाबून बघायचो. साल सुरकुतली, चामड्यासारखी झाली तरी भ्यायचं कारण न्हाई, आत रस असतो. पण देठापाशी मऊ लागलं की गेलं. आधी पांढरी बुरशी, मग हिरवी भुकटी, आणि शिंदीसारखा आंबूस वास. असं फळ उचललं की शेजारची पुसून लांब ठेवायची, खालची वाळू फेकून द्यायची.

पण फळं सडून कमी होत नव्हती तेवढी वाटून होत होती. आजाऱ्याला बघायला माणसं यायची. चहाला पाणी न्हाई. बायको पडल्या पडल्या म्हणायची, "अवो, मोसंबी द्या त्यांना. कोरड्या तोंडानं कुणी जाऊ नये." मी देत गेलो. वाळूत जागा मोकळी होत गेली.

मग मी खराब निघालेली फळं टाकायची सोडली. टोपलीत घालून दारात ठेवली. कुणी आलं की टोपली पुढं सरकवायची. "घ्या की, औंदा अशीच निघाली." माणूस वास घ्यायचा आणि म्हणायचा, राहू द्या, आत्ताच जेवून आलो. मला लाज वाटली न्हाई. आजबी वाटत न्हाई.

देवणीहून मेहुणी आली. बहिणीला भेटायच्या आधी तिनं टोपलीत हात घातला. एक उचललं, दुसरं उचललं.

"दाजी, गावभर हुडकून आणली का काय ही? एकबी चांगलं न्हाई ह्यात."

"दुष्काळ हाय."

"दुष्काळात काय नुसती सडकीच लागतात झाडाला? आक्कालाबी हेच पाजताय व्हय?"

"तिची आत हायेत," मी बोलून गेलो.

आतून बायकोचा आवाज आला. बारीक, पण स्वच्छ. "म्हंजे लोकान्ला सडकी, आन् मला चांगली?"

मी रस काढून नेला, तिनं तोंड भिंतीकडं फिरवलं. मोसंबीचा रस ठेवला की कडू होतो. तो कडू झाला, मी ओतून दिला. संध्याकाळी पुन्हा तेच. "माझ्या दारातनं माणूस असं जात असलं तर मला नको."

मेहुणी म्हणाली, "दाजी, तुमी हट्टी, पर आक्का तुमच्या वरताण हाय. सोडा आता."

दुसऱ्या दिवशी वस्तीवरची म्हातारी मावशी उन्हात चालत आली आणि बायकोच्या उशाशी बसली. मी टोपली उकिरड्यावर रिकामी केली. मग खोलीत जाऊन दाबून दाबून सगळ्यात घट्ट, जड फळ निवडलं आणि बायकोच्या डोळ्यांदेखत सोललं. तिचे पिवळे डोळे माझ्या हातावर होते. मावशी एकेक फोड चोखत होती, बिया पदरात धरत होती.

"लई ग्वाड हाय रं," मावशी म्हणाली.

बायकोनं शेवटची फोड संपेपर्यंत वाट बघितली. मग म्हणाली, "आता माझा रस काढा."

मी काढला. ती सावकाश सगळा प्याली. पोटात राहतो का, ते बघत मी तिथंच बसलो. बरं वाटलं असं न्हाई, वाईटबी न्हाई. तेवढ्यात दारात कुणीतरी खाकरलं. मी उठून वाळूकडं गेलो.