फोडलेला खांब

खानवेलच्या पुढे नदीवर जुनाच पूल होता तोवर आमची बस पुलाच्या अलीकडे थांबायची. कंडक्टर ओरडायचा, "चला, उतरा सगळे." आम्ही चालत पलीकडे जायचो आणि मग रिकामी बस हळूहळू आमच्या मागून यायची. पूल बुटका, अरुंद. कठडे कुठल्याशा पुरात गेलेले. पावसाळ्यात पाणी वरून वाहायचं आणि पलीकडच्या गावांचा संबंध तुटायचा.

मी पलीकडच्या उपकेंद्रात नर्स. राहायला सिल्वासात, टोकरखाड्याच्या कॉलनीत. पाणी चढलं की दिवस भरलेल्या बाईला अलीकडे कसं आणायचं, ही काळजी दर पावसाळ्यात माझ्याच डोक्याला. त्यामुळे नवा, उंच पूल मंजूर झाला तेव्हा सगळ्यात जास्त आनंद मला झाला. त्यात माझ्या नवऱ्यालाच पुलाच्या ठेकेदाराकडे साइट इंजिनिअर म्हणून काम मिळालं. तो मूळचा नाशिकचा, तोवर नरोलीत कारखान्यांच्या शेड बांधायचा. शेड सोडून नदीवरचं काम, तेही माझ्या रोजच्या वाटेवरचं, म्हणून खूश होता.

गाव मात्र खूश नव्हतं. गावातली आशा कार्यकर्ती माझ्याबरोबर घरोघर फिरायची. वयाने माझ्याहून मोठी, वारली, मी तिला ताई म्हणते. एकदा तिने चालता चालता विचारलं, "सिस्टर, तुमच्या घरवाल्याला विचारा, पुलात सिमेंट टाकतात का नुसती माती?"

"असं का म्हणता ताई?"

"लोक बोलतात. पोती ट्रकमधून येतात आणि परत ट्रकमधून जातात."

मी हसून सोडून दिलं. पण त्या दिवसापासून बसमधून उतरलं की मी बांधकामाकडे बघायला लागले. पोती किती, ट्रक कुठे उभा, सगळं. मला त्यातलं काही कळत नव्हतं, तरी बघायचे.

थंडीचे दिवस होते. एका सोमवारी बसमधून उतरले तर मधला खांब नव्हता. शनिवारपर्यंत माणसाच्या डोक्याच्या वर गेलेला होता. आता तिथे वाकड्या सळया उभ्या होत्या आणि खाली काँक्रीटचे तुकडे पडले होते. सगळे थबकले. मागून कुणीतरी गुजरातीत म्हणालं, "जोयुं? बनाव्यो ने तोड्यो." बघितलंत, बांधला आणि तोडला. काहीजण माझ्याकडे बघत होते. माझा नवरा तिथे कामाला आहे हे त्यांना माहीत होतं.

ताईने बाकीचं सांगितलं. रविवारी मशिनं लावून दिवसभर फोडला म्हणे. "पाप झाकायला फोडला, सिस्टर. माझी सून पोटुशी आहे. त्या पुलावरून मी तिला नेणार नाही. डोंगराच्या बाजूने फिरून नेऊ, वेळ लागला तर लागू दे."

नवरा रविवारी साइटवर गेला होता. संध्याकाळी केसांत सिमेंटची पूड घेऊन आला, अंघोळ केली, जेवला आणि लगेच झोपला. सोमवारी मी विचारलं, "काल काय झालं तिथे?"

"काही नाही. काम होतं."

तो खोटं बोलतोय हे मला तेव्हाच कळलं. पुढचे काही दिवस तो फोन आला की गॅलरीत जाऊन दार ओढून घ्यायचा. मी स्वयंपाकघरातला नळ बंद करून ऐकायचे. एकदा ऐकू आलं, "आता फोडून टाकला ना, विषय संपला." लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्याच्या दाराशी अशी कधी उभी राहिले नव्हते. माझीच मला लाज वाटली, आणि तरी मी हलले नाही.

शेवटी जेवताना विचारलंच. "खरं सांग. त्या सिमेंटच्या भानगडीत तू आहेस का?"

त्याने हातातला घास ताटात ठेवला. मग म्हणाला, "आपण नाशिकला लग्नाला गेलो होतो ना, तेव्हा त्यांनी तो खांब भरला. आल्यावर मी हातोडीने ठोकून बघितला. आतून पोकळ आवाज येत होता. ठेकेदार म्हणाला, वरून गिलावा मार, दिसणार नाही. मी नाही म्हणालो. सरकारी इंजिनिअरला बोलावून दाखवला आणि फोडायला लावला."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तू रोज त्याच बसने जातेस. तुझ्या तोंडून गावात गेलं असतं, आणि ठेकेदाराने मला दुसऱ्याच दिवशी काढलं असतं."

म्हणजे त्याचाही माझ्यावर विश्वास नव्हता. ते मला जास्त लागलं. त्या रात्री मी त्याचं म्हणणं मानलं, पण पूर्ण नाही.

खांब त्याच्यासमोर पुन्हा भरला गेला. होळी झाली आणि ठेकेदाराने त्याला भरूचकडच्या दुसऱ्या साइटवर धाडलं. कारण सांगितलं नाही. तेव्हा कुठे माझा पूर्ण विश्वास बसला. पुलाचं उरलेलं काम दुसऱ्या माणसाने संपवलं. पावसाच्या आधी पूल सुरू झाला. उंच, रुंद, दोन्ही बाजूंना पक्के कठडे. मी ताईला सगळी हकिगत सांगितली. ती म्हणाली, "तुमचा घरवाला होता तवर ठीक. नंतरचं कोणी बघितलं?"

तिच्या सुनेच्या कळा सुरू झाल्या त्या ऐन पुरात. जुना पूल पाण्याखाली दिसेनासा झाला होता. डोंगराकडच्या रस्त्यावर दरड आली होती. उपकेंद्रातून आम्हाला घेऊन निघालेली अँब्युलन्स नव्या पुलाच्या तोंडाशी आली तशी ताईने ड्रायव्हरला थांबवलं आणि माझ्याकडे वळली. "सिस्टर, काय करायचं?"

खाली गढूळ पाणी खांबांना धडका देत होतं. सून माझा हात आवळून कण्हत होती.

"चला," मी म्हणाले.

पूल संपेपर्यंत ताई डोळे मिटून बसली होती. मी मधला खांब कधी मागे पडतो ते बघत होते, आणि तो मागे पडल्यावर पुढच्यांची भीती वाटत होती. खानवेलच्या दवाखान्यात मुलगी झाली. बाळ-बाळंतीण दोघी सुखरूप.

नवऱ्याला फोन केला. त्याने आधी विचारलं, "पाणी कुठवर होतं? गाडी हलल्यासारखी वाटली का?" बाळाचं नंतर.

पुढच्या सुट्टीत तो आला. पाणी उतरलं होतं. आम्ही पुलाखाली गेलो. तो एकेका खांबाभोवती फिरला, हात फिरवला, पायथ्याची माती किती गेली ते वाकून बघितलं. मग आम्ही ताईकडे गेलो. तिने काळा चहा दिला आणि त्याच्यासमोर बसून विचारलं, "साहेब, खरं बोला. पूल टिकेल?"

"माझ्यासमोर भरले ते खांब टिकतील. बाकीचे आज बघितले, बरे दिसले. आत काय आहे ते मला माहीत नाही."

"म्हणजे माझ्यासारखंच," ताई म्हणाली, आणि नातीला उचलून त्याच्या मांडीवर दिलं.