अप्पांची एकच फाइल

अप्पांना एक गोष्ट दोन ठिकाणी लिहिलेली खपत नसे. लातूरच्या आमच्या माती तपासणी प्रयोगशाळेत कुणी दुसरं कॅलेंडर टांगलं, की ते उतरवून त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर हिशेब-टिपणं सुरू. "दोन जागी लिहिलं की एक जागा खोटं बोलती, बाई," म्हणायचे.

मुलांनो, तुम्ही संगणकाची पायथन भाषा शाळेतच शिकलात. मला ते पन्नाशीनंतर अप्पांनी शिकवलं. ते मूळचे कंधारचे. इंग्रजी पुस्तक मी वाचून सांगायची, ते करून दाखवायचे. दर तालुक्याची एक स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्रॅम होता, शेतकऱ्यांचे अहवाल छापणारा. खतांच्या मात्रा आणि तपासणाऱ्याचं, म्हणजे अप्पांचं, नाव मात्र त्यांनी 'सेटिंग्ज' नावाच्या एकाच फाइलीत ठेवलं होतं. प्रत्येक स्क्रिप्ट ती फाइल इम्पोर्ट करी, म्हणजे तिथूनच वाचून घेई. "इहीर एकच. ज्याला तहान लागंल त्यानं तिथं यावं."

एकदा अप्पा रजेवर असताना शिरूर अनंतपाळच्या स्क्रिप्टला ती फाइल सापडेना. फाइल कुठे आहे हे सांगणारी ओळच त्यात राहून गेली होती. मी टापटिपीची. प्रत्येक फोल्डरमध्ये फाइलीची एकेक प्रत ठेवून दिली. काम सुरू झालं, मी खूश.

खरिपाच्या तोंडावर मात्रा बदलल्या. अप्पांनी त्या नेहमीप्रमाणे एकाच जागी बदलल्या. पण स्क्रिप्ट आधी स्वतःच्याच फोल्डरमध्ये बघते. तिला माझी जुनी प्रत मिळाली. चुकीचे अहवाल गावोगाव गेले आणि पेरणी आठवड्यावर आली.

अप्पांनी एक फोल्डर उघडून विचारलं, "ही फाइल इथं कोण ठेवली?"

"मी."

"लई सुबक ठेवलीत." फोन माझ्याकडे सरकवून म्हणाले, "आता फोन लावा."

दोन दिवस आम्ही एकेका शेतकऱ्याला फोन केले. अप्पा सांगत, "चूक आमची हाय, मालक. नवा कागद पाठवून राहिलो. जुना फाडा. आत्ताच फाडा, मला आवाज येऊ द्या." खरंच कान लावून ऐकत, मगच पुढचा नंबर. पेरणीआधी सगळ्यांना नवे अहवाल पोचले. माझं नाव त्यांनी कुणालाही सांगितलं नाही. सगळ्या प्रती मी स्वतः पुसल्या.

स्वतःच्या निवृत्तीला महिना उरला असताना अप्पा वारले. अहवालावरचं नाव बदलणं माझ्याकडे आलं. एकच ओळ होती. ती बदलली आणि दुसऱ्या दिवशी साऱ्या तालुक्यांच्या अहवालांवरून अप्पा एकदम नाहीसे झाले. सोय त्यांचीच होती.

मी निवृत्त झाले तेव्हा पायथन शिकतानाचं माझं सरावाचं फोल्डर घरी आणलं. परवा त्यातली स्क्रिप्ट सहज चालवली. नमुन्याचा अहवाल आला आणि खाली, 'तपासणारे'पुढे, अप्पांचं पूर्ण नाव. एक प्रत पुसायची राहिली होती.

अप्पांना हे मुळीच खपलं नसतं. मी ती पुसलेली नाही.