अक्काची पायरी

मी तिच्यावर जळायचे. आता लपवून काय करायचंय?

धुळे जिल्ह्यातल्या एका मुलींच्या निवासी शाळेत मी अधीक्षिका होते. मुलींचं राहणं, जेवण, सुरक्षितता, सगळी जबाबदारी माझी. पिंप्राळ्यातलं घरदार सोडून त्यांच्यासाठी तिथे राहिलेली. तक्रारपेटी मीच लावली, दर सोमवारी स्वतः उघडायचे. आत काय, तर 'भाजीत मीठ कमी'. आणि ते मीठ कमी टाकणारी स्वयंपाकाची बाई, नरडाण्याकडची, चौथी शिकलेली, तिच्या पायरीवर रविवारी मुलींची ही रांग. ती एकेकीला पुढ्यात बसवून तेल लावायची, वेणी घालायची. पाठ तिच्याकडे, तोंड अंगणाकडे. मग पोरी बठ्ठं, अगदी सगळं सांगून मोकळ्या व्हायच्या. मला त्या मॅडम म्हणायच्या, तिला अक्का. मिरच्या झोंबायच्या मला.

एका रविवारी नववीतली एक मुलगी, सातपुड्याच्या पायथ्याकडची, वेणी झाली तरी उठेना. हळू आवाजात काहीतरी सांगत होती. मी जवळ गेले तशी गप्प झाली. तेवढं पुरलं मला. सोमवारी फर्मान काढलं: स्वयंपाकाच्या बाईनं मुलींच्या केसांना हात लावायचा नाही, अन्नात केस जातात.

संध्याकाळी अक्का दारात आली. "मॅडम, ती पोरना मनमा काहीतरी शे. तुमले सांगाले घाबरस."

"तू पोळ्या बघ," मी म्हणाले. "मुलींचं मी बघते."

ती गेली. मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं.

शुक्रवारी तीच मुलगी ऑफिसात आली. माझ्याकडे बघेना, भिंतीवरच्या वेळापत्रकाकडे तोंड करून एका दमात बोलली. होळीच्या सुट्टीत तिचं लग्न लावणार होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मामा गाडी घेऊन न्यायला येणार होता. तिला शिकायचं होतं.

मी दार लावून तिला खुर्चीत बसवलं. आणि आतून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या: मला सांगितलं, अक्काला नाही.

बालकल्याण समितीला फोन केला, पोलिसांना कळवलं. सकाळी मामा आला तेव्हा फाटकाला कुलूप आणि समोर मी. मग बाप आला, तणतणला, खाली बसला आणि शेवटी अठरा पूर्ण झाल्याशिवाय लग्न करणार नाही, असं लिहून देऊन गेला. मुलगी वर्गात जाऊन बसली. सगळ्यांनी मला नावाजलं. त्या दिवशी स्वयंपाकघरापुढून मी जरा सावकाशच चालत गेले.

होळीनंतर तिला एकटीला गाठून मी विचारलं. कशाला विचारायचं होतं, पण कौतुक ऐकायची हौस. "अक्काला सोडून मलाच का गं सांगितलंस?"

ती घुटमळली. "अक्काला रविवारीच सांगितलं होतं, मॅडम. सोमवारी तुम्ही तिला परत पाठवलं. मग ती म्हणाली, तूच जा, त्यांच्या हातात आहे. फक्त मला आधी सांगितलं असं म्हणू नको, त्यांना वाईट वाटतं. पण शुक्रवारपर्यंत मला धीरच होत नव्हता."

सोमवार ते शुक्रवार. जिला हळद लागायची होती ती पोर इतके दिवस, मॅडमना वाईट वाटणार नाही असं कसं सांगायचं, याचा विचार करत फिरत होती.