मंगलताईंचा बारा अंकी क्रमांक

मंगलताई गेल्या, असं त्यांचे भाऊ सुरेशभाऊ फोनवर म्हणाले तेव्हा मी बुऱ्हाणपूरच्या रक्तपेढीत होते, ताईंनीच लिहिलेल्या प्रोग्रॅमसमोर. त्याला आता पाच आठवडे झाले…

डोईफोडियाच्या केळीच्या मळ्यातून आलेल्या ताई आमच्या कॉलेजात सी भाषा शिकवायच्या. मी आधी त्यांची विद्यार्थिनी, मग कामातली सोबतीण. रक्ताच्या पिशव्यांवर लेबलं छापणारा प्रोग्रॅम त्यांनी हौसेनं लिहून दिला होता. क्रमांक बारा अंकी, पिशवीत कोणत्या गटाचं रक्त आहे ते त्यावरूनच ओळखायचं. कित्येक वर्षं सुरळीत चाललं. मग पेढीत वेगळ्या जातीची नवी कॉम्प्युटर-मशीन आली आणि दुसऱ्याच दिवशी एका लेबलावर क्रमांकाआधी उणे चिन्ह उमटलं. पेढीच्या डॉक्टरांना हसू आलं. ताईंना नाही.

"डॉक्टरसाहेब, हे लेबल गलत दिसतं तरी. बाकीची बरोबर दिसतात, तीच जास्त खराब. एकही पिशवी बाहेर जाऊ देऊ नका."

झालं होतं असं, की सीमधला 'लाँग', म्हणजे मोठा आकडा ठेवायची जागा, जुन्या मशीनवर चौसष्ट बिटांचा होता, नव्या मशीनवर बत्तीसचाच. मोठ्या क्रमांकाचा वरचा भाग गळून जायचा आणि भलताच आकडा, पुढे शून्यं भरून बारा अंकीच, छापला जायचा. सगळीकडे तो सारखाच असेल, असं ताईंनी धरून चाललं होतं. खकनारच्या एका दवाखान्यात दोन पिशव्या पोचल्याही होत्या. ताईंनी स्वतः फोन लावला. "गलती माझी आहे, पिशव्या वापरू नका." वापरल्या नव्हत्या.

मग दिवसभर आम्ही दोघींनी गार खोलीत एकेक पिशवी हातानं लिहिलेल्या रजिस्टरशी पडताळली. मी म्हटलं, "ताई, स्वतःचं नाव घ्यायची काय गरज होती? कोणाला कळलं पण नसतं."

"अगं, ज्याला ते रक्त चढलं असतं, त्याला?"

पुढं त्यांनी क्रमांक नेमका चौसष्ट बिटांचाच ठरवला, आणि प्रोग्रॅममध्ये आकडा छापायची खूणही अशी घातली की मशीन कुठलीही असो, तो पूर्णच उमटेल. वर्गात ही चूक त्या स्वतःच्या नावानं सांगायच्या.

गेल्या रविवारी सुरेशभाऊंनी घरी बोलावलं. ताईंच्या खोलीत दोन वेगळ्या जातीचे कॉम्प्युटर शेजारी शेजारी होते. लेबलांच्या त्या घोळानंतर दोन्हींवर चालवल्याशिवाय ताई कुठलाच प्रोग्रॅम कोणाला देत नसत.

"भंगारात देऊ का हे?"

"राहू द्या, भाऊ."

मी दोन्ही सुरू करून लेबलांचा प्रोग्रॅम चालवला. दोन्ही पडद्यांवर तेच बारा अंक, पूर्ण. सुरेशभाऊ चहा घेऊन आले. एक कप माझ्यापुढे ठेवला, आणि दुसरा, सवयीनं, दुसऱ्या मशीनपाशी, ताईंच्या जागेवर…