दिव्याचा जुना रंग

गल्लीत त्यांना तोंडावर पेंटरमामा म्हणायचे आणि पाठीमागे खरवडेमामा. कारण मामांनी जन्मात कधी जुन्या रंगावर नवा रंग चढवला नाही. आधी दोन दिवस खरवडणार, घासणार, पुसणार आणि मग कुठे ब्रश बुडवणार. गिऱ्हाईक कंटाळून म्हणायचं, "अहो, मारून टाका की वरून एक हात!" मामा वळूनसुद्धा पाहायचे नाहीत. "खालचं सुटं असलं की वरचं धरत नाही," एवढंच म्हणायचे. हे त्यांनी इतक्या वेळा ऐकवलं होतं, की ते तोंड उघडायच्या आत मामीच ते म्हणून मोकळ्या व्हायच्या.

अलीकडे मामी विसरायला लागल्या होत्या. आधी गॅसवरचं दूध विसरल्या, मग वार विसरल्या, मग एकुलत्या एका लेकीचं नाव. डॉक्टर म्हणाले, याला औषध नाही. दोनच गोष्टी सांगितल्या. संध्याकाळी अशा माणसांना भीती वाटते, तेव्हा घरात उजेड भरपूर ठेवा. आणि घरातल्या वस्तू हलवू नका, सगळं ओळखीचं राहू द्या. मामांनी दोन्ही गोष्टी पाठ केल्या. आपल्या हातून होण्यासारखं काहीतरी आहे, याचाच त्यांना आधार वाटला.

उजेडाचं म्हणाल तर बाहेरच्या खोलीत टेबलावर एक दिवा लोंबायचा. पत्र्याचा टोप, बाहेरून हिरवा, आतून कधीकाळी पांढरा. त्याच्याखाली बसून मामींनी तीस वर्षं शिंप्याकडचे कपडे आणून काजं-बटणं केली होती. आता आतला पांढरा काळपट पिवळा झाला होता आणि खाली पडायचा तो उजेड कसला, नुसता मिणमिणाट. गावची घरं उजळणाऱ्या माणसाच्या घरी दिव्याखाली अंधार! मामांनी ठरवलं, दिवा रंगवायचा. वस्तू हलवायची नव्हती, तर दिवा तिथेच राहणार होता. बदलणार होता तो फक्त रंग. चाळीस वर्षं रंग लावलेल्या माणसाला रंग म्हणजे अंगातला सदरा वाटतो. सदरा बदलला म्हणून माणूस कधी परका होतो का?

मामांनी टोप उतरवला, सोड्याच्या पाण्यात घातला, तारेच्या ब्रशने घासला. पापुद्रे निघाले, गंज निघाला, खाली लखलखीत पत्रा लागला. पोचे आले होते तिथे लांबीचा लगदा भरला, पॉलिश पेपर मारला, प्रायमर दिला. मग आतून पांढरा आणि बाहेरून साईसारखा फिक्कट रंग, दोन-दोन हात. चार दिवस चाललं होतं. मामी शेजारी बसून बघत होत्या. मध्येच "छान" म्हणाल्या, तेव्हा मामांना आपण पंचविशीतले झाल्यासारखं वाटलं.

पाचव्या दिवशी संध्याकाळी दिवा लागला आणि खोली अशी उजळली की कोपऱ्यातली जळमटंही लाजली असतील. मामी उठल्या. त्यांनी खुंटीवरची पिशवी घेतली.

"चला, निघूया आता. यांची जेवायची वेळ झाली, आपण बसून राहिलेलं बरं दिसत नाही."

"यांची म्हणजे कुणाची?"

"ज्यांचं घर आहे त्यांची."

मामा हसले. त्यांना वाटलं, थट्टा करतेय. पण मामी खुर्चीच्या कडेवर टेकल्या त्या तशाच बसून राहिल्या. मामांनी ताट वाढलं तर म्हणाल्या, "कशाला उगाच त्रास घेतलात?" त्या दिवसापासून हाच क्रम झाला. दिवसा घर त्यांचंच असायचं. संध्याकाळी दिवा लागला की त्या पाहुण्या व्हायच्या आणि घरी न्या, घरी न्या म्हणून मामांच्या हातापाया पडायच्या.

कामावरून आलेल्या लेकीने एकदा हळूच विचारलं, "आई, तुझं घर कसं आहे गं?"

"आमच्याकडे टेबलावर हिरवा दिवा आहे," मामी म्हणाल्या. "त्याच्या कडेला टवका उडालाय, बटणाएवढा. हे म्हणतात, बदलू. मी म्हणते, असू दे."

लेकीने वडिलांकडे पाहिलं आणि खाली मान घातली. तिने चार शब्द सुनावले असते तर मामांना सोसलं असतं.

एखाद्या कामचुकार पेंटरने वरून एक हात मारला असता, तर आज नवा रंग उतरवून जुना वर काढता आला असता. पण मामांनी काम चोख केलं होतं. हिरव्याचा कणसुद्धा शिल्लक ठेवला नव्हता. आयुष्यभर ज्याचा अभिमान बाळगला, तीच सवय त्यांच्या मुळावर आली होती.

मग त्यांनी हिरवा रंग कालवायला घेतला. पण कुठला हिरवा? तीस वर्षं डोक्यावर लोंबत होता आणि मामांनी एकदाही नीट पाहिला नव्हता. शेवटी मामींनाच विचारलं. त्यांनी अंदाजाने रंग लावला, जुना एक डागही काढला आणि मामी आपल्या कारागिराला सांगावं तशा सांगू लागल्या.

"याहून मळकट हवा, पेंटर. हां, असा. आणि तो डाग इकडे नव्हता हो, खिडकीच्या बाजूला होता."

नवऱ्याला आता ओळखत नव्हत्या, पण डागाची जागा चुकत नव्हत्या. मामांनी डाग पुसून खिडकीच्या बाजूला काढला. टवका काढला. आतल्या पांढऱ्यात पिवळा, पिवळ्यात काळा घालून सगळा उजेड मारला. ज्या माणसाने जन्मभर लोकांचा गंज खरवडला, तो बारीक ब्रशने टांगायच्या आकड्याखाली गंजाचे ओघळ रंगवत बसला. आणि मधेच त्यांना रडू कोसळलं.

"काय झालं, पेंटर?"

"टर्पेंटाइन झोंबलं."

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मामांनी दिवा लावला. मामी त्याच्याकडे कितीतरी वेळ बघत राहिल्या.

"अगदी आमच्यासारखा केलात हो," त्या म्हणाल्या. "आता मला घरी सोडा. हे वाट बघत असतील."

मामांच्या मनात आलं, बाहेरून आत आणलं तर? दिवा तसाच जळत ठेवून त्यांनी मामींचा हात धरला. गल्लीच्या तोंडापर्यंत गेले, बंद दुकानाला वळसा घातला आणि मागच्या रस्त्याने परत आले. खिडकीतून हिरवा दिवा दिसला आणि मामींची चाल बदलली. "आलं, आलं!" म्हणत त्या हात सोडवून पुढे झाल्या. पायऱ्या आपल्या आपण चढल्या, दार ढकललं. मामांना वाटलं, साधलं! आता आत गेलं की ती म्हणेल, हात-पाय धुऊन घ्या.

मामी उंबऱ्यात वळल्या.

"बरं झालं सोबत आलात, पेंटर. चहाला थांबवलं असतं, पण हे आत पडले असतील. या तुम्ही आता."

दार लागलं. आतून कडी लागल्याचा आवाज आला.

मामांनी दार वाजवायला हात उचलला आणि तसाच खाली घेतला. परक्या माणसाने दार वाजवलं तर ती घाबरेल. लेक यायला अजून तासभर होता. तिचा आवाज मामी अजून ओळखायच्या, ती आली की दार उघडलं असतं. खिडकीतून सगळं दिसत होतं. मामी दिव्याखाली खुर्चीत पाठ टेकून बसल्या होत्या. कित्येक दिवसांनी त्या अशा निवांत बसल्या होत्या.

थोड्या वेळाने त्यांनी आतल्या खोलीकडे तोंड करून हाक मारली, "अहो, ऐकलंत का?"

मामा बाहेरून "ओ" म्हणाले.

मामी दचकल्या. लगबगीने उठल्या आणि त्यांनी खिडकीही लावून घेतली.